रिसानीच्या अलीकडे

मिदेल्त, मोरोक्को
१९ जानेवारी

प्रिय मालिनी,

लुडविग्सहाफेन सोडल्यापासून तुला दोन-दोन ओळींचे मेसेज टाकतेय, त्यात काही राम नाही. आज कॅम्पिंगवर इंटरनेट बरं आहे आणि हे आंघोळीला गेलेत, म्हणून लॅपटॉप उघडून नीट लिहायला बसले.

काल अ‍ॅटलासचा घाट ओलांडला. दोन्ही बाजूंना बर्फ आणि मागे आमचा वोनवागन. चाकांवरचं घर ओढत नेणं म्हणजे काय ते घाटात कळतं. उत्कर्षचा वोल्फ्सबुर्गहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मागे बर्फ बघून म्हणाला, "आई, तुम्ही वाळवंटात निघाला होतात ना?" म्हटलं, वाळवंट डोंगरापलीकडे आहे रे, बाबांनी नकाशा पाठ केलाय.

तुला एक सांगू? हसू नकोस. तुझा दादा बदललाय. इतकी वर्षं गाडीत मी तोंड उघडलं की "विभा, लक्ष विचलित होतं" हे ठरलेलं वाक्य. आणि आता? "पुढे काय आहे सांग. बोर्डावर काय लिहिलंय? तो माणूस रस्ता ओलांडतोय की उभा आहे?" मी आपली दिवसभर बोलत असते. गावांची नावं वाचते, बकऱ्या दिसल्या की बकऱ्या सांगते, एका म्हाताऱ्याच्या सायकलवर फ्रीज बांधला होता तोही सांगितला. हे ऐकतात, हसतात, आणखी विचारतात. निवृत्त झाल्यावर नवरे घरात पायात पायात येतात असं सगळ्या जणी सांगायच्या. माझ्या वाट्याला बोलका नवरा आला, आल्झो, तेव्हा माझी तक्रार नाही.

गाडी मात्र फार हळू चालवतात. मागून ट्रकवाले भोंगे वाजवतात. आणि इथे आत येताना फाटकाचा खांब वोनवागनला घासला, कोपरा चांगलाच चेपलाय. म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. ऊन पाठीमागे होतं, पण मी कशाला वाद घालू?

तुझी तब्येत कळव. हायडेलबर्गला बर्फ पडला का?

तुझी,
विभावरीवहिनी

~

हायडेलबर्ग
२० जानेवारी

दादा,

ही मेल फक्त तुला आहे. वहिनींच्या लॅपटॉपवर उघडू नकोस.

त्यांचं पत्र आलं. त्या किती खूश आहेत, माहीत आहे तुला? त्यांना वाटतंय, तू त्यांच्याशी बोलायला लागलायस.

तू मला शब्द दिला होतास. "स्पेनपर्यंत मी नेतो, फेरीबोटीत बसण्याआधी विभाला सगळं सांगतो." फेरी कधीच सुटली. डोळ्यांच्या दवाखान्यात मी तुझ्या शेजारी बसले होते, दादा. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, डाव्यात सुरुवात झालीय, दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं आणि पुढची तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी हे दोनदा सांगितलं, तू दोन्ही वेळा "हो, हो" म्हणत मान डोलावलीस. आणि परवा दवाखान्यातून मला फोन, की हेर कर्णिकांनी, म्हणजे तू, जानेवारीच्या इंजेक्शनचा टेर्मिन, ठरलेली वेळ, रद्द केला, नवीन कधी हवा? मला तर कळवलंसुद्धा नव्हतंस.

कारखान्यात तुझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या डोळ्यांवर गॉगल आहे की नाही ते बघण्यात गेली. गॉगलशिवाय आत आला म्हणून तू साहेबालाही बाहेर काढलं होतंस. तोच तू आज वहिनींना शेजारी बसवून घाट उतरवतोयस?

श्रीपाद गेले आणि मी एकटी पडले तेव्हा तू माझ्यासाठी काय केलंस ते मी विसरलेले नाही. म्हणूनच इतके दिवस तोंड बंद ठेवलं. पण आता तू सांग. नाहीतर मी सांगेन.

मालू

~

झीझ नदीकाठ
२२ जानेवारी

मालू,

हे मी फोनला तोंडी सांगतोय, तो लिहून घेतोय. अक्षरं आता मोठी केली तरी मधलं एखादं गायब होतं. शब्द इकडचे तिकडे झाले तर समजून घे. विभा भाजी आणायला गेलीय.

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. मला ते नाकारायचं नाही.

तुला तो चौकटींचा कागद आठवतो? डॉक्टरीणबाईंनी भिंतीवर लावला आणि विचारलं, रेघा सरळ दिसतात का. डाव्या डोळ्याने दिसल्या. उजवा उघडला तर सगळ्या रेघा पाण्यात पडल्यासारख्या वाकड्या झाल्या. मी आयुष्यभर ड्रॉइंगवर सरळ रेघा बघितल्या, पाइपलाइनी बघितल्या. तिथे बसल्याबसल्या मनात आलं, एकही सरळ रेघ नसलेल्या जागी जावं. तिथे मला कमी दिसतंय हे मलाही कळणार नाही.

विभाला सांगितलं तर ती त्याच क्षणी गाडी वळवेल. मग मी घरी खुर्चीत बसायचं आणि दर महिन्याला किती उरलंय ते मोजून घ्यायचं. ते करीनच मी, पळून जात नाहीये. पण मर्झूगाला वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत, आता फक्त एका दिवसाच्या वाटेवर. त्या एकदा बघू दे. तिथे पोचलो की मीच तिला सांगतो.

रस्ता सरळ आहे, रहदारी नाही. ती सगळं बोलून दाखवते. तिचा आवाज शेजारी असला की मला सगळं दिसतं. काळजी करू नकोस.

एवढे दिवस दे.

दादा

~

एर्राशिदिया
२३ जानेवारी, दुपार

प्रिय मालिनी,

तुझं उत्तर नाही, म्हणून पुन्हा मीच लिहितेय. एक स्पष्ट विचारते. तुझा आणि ह्यांचा काही वाद झालाय का? तुझं नाव काढलं की गप्प होतात. काल म्हटलं, मालिनीला व्हिडिओ कॉल लावू या, तर म्हणाले, "नको, ती कामात असेल." तू गेल्या वर्षीच निवृत्त झालीस, हे मी त्यांना सांगायचं?

मागच्या पत्रात मी फार कौतुक केलं. आता काहीतरी बिनसलंय. काल सरळसोट रस्त्यावर एकदम ब्रेक मारला. "रस्ता हलतोय," म्हणाले. मग लगेच म्हणाले, मृगजळ असेल. जानेवारीत मृगजळ? मी स्वेटरवर शाल घेऊन बसले होते. संध्याकाळी चहा ओतला तो अर्धा पेल्याबाहेर. मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. फडकं घेऊन टेबल पुसत राहिले, कोरडं झालं तरी पुसत राहिले.

उजव्या डोळ्यावर सारखा हात धरतात. वाळूचा कण गेला असेल म्हणून मी औषधाच्या पेटीतले थेंब घालतेय. थेंब मुकाट्याने घालून घेतात, एरवी गोळी घ्यायलाही वाद घालणारा माणूस.

काल मी म्हटलं, थोडा वेळ मी चालवते. माझ्याकडे लायसन्स आहे, किंडरगार्टनला रोज गाडी घेऊन जात होते. तर इतक्या जोरात ओरडले, "मागे वोनवागन आहे, तुला जमणार नाही!" की शेजारचं डच जोडपं तंबूतून बाहेर आलं. नंतर माझा हात धरून बसले. सॉरी म्हणाले नाहीत, नुसता हात धरला.

मालिनी, मनात काय काय येतं. त्यांना मेंदूचं काही झालंय का? की त्यांच्या मनात दुसरंच काही आहे? इतक्या लांब आणून मला काही सांगायचंय का? तुला काही माहीत असेल तर सांग.

उद्या सकाळी निघतोय. एर्फूद, रिसानी आणि मग मर्झूगा. दुपारपर्यंत टेकड्या दिसतील म्हणतात.

विभावरीवहिनी

~

हायडेलबर्ग
२४ जानेवारी, सकाळ

वहिनी,

हे वाचत असाल तिथे आधी गाडीची किल्ली हातात घ्या. मग पुढचं वाचा.

दादाच्या मेंदूला काही झालेलं नाही आणि त्याच्या मनात दुसरं काही नाही. त्याचे डोळे जाताहेत. उजव्याने समोरचं जवळजवळ दिसत नाही, डाव्यात आजार सुरू झालाय. नोव्हेंबरमध्ये कळलं. मी त्याच्याबरोबर होते. गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि दर महिन्याचं इंजेक्शन त्याने या प्रवासासाठी चुकवलं. डाव्या डोळ्यासमोर अचानक काळं आलं तर ताबडतोब इलाज व्हायला हवा, नाहीतर तोही जाईल.

त्याने मला गप्प राहायला सांगितलं आणि मी राहिले. परवा त्याने आणखी थोडे दिवस मागितले, तेही दिले. तुमचं कालचं पत्र वाचून कळलं की मी कुणाचे दिवस देऊन टाकत होते.

त्याला चालवू देऊ नका. आहात तिथेच थांबा. मला फोन करा. मी सारखा लावतेय, लागत नाही.

मालिनी

~

हायडेलबर्ग
२४ जानेवारी, संध्याकाळ

वहिनी, दोन्ही फोन बंद लागताहेत. मेल मिळाली का? नुसतं "हो" लिहा.

मालिनी

~

हायडेलबर्ग
२५ जानेवारी

वहिनी, मर्झूगाच्या दोन कॅम्पिंगवाल्यांना फोन केले. जर्मन नंबरप्लेटची गाडी, भारतीय जोडपं, असं विचारलं. दोघंही म्हणाले, कुणी आलेलं नाही. उत्कर्षला आता सांगावंच लागेल.

मालिनी

~

वाटेत
२५ जानेवारी

मालिनी,

टायर फुटला. आम्ही दोघंही ठीक आहोत. उत्कर्षला एवढंच सांग. माझा फोन फुटलाय, ह्यांचा चार्ज नव्हता. आम्ही माराकेशला चाललोय, पण खिंडीवर बर्फ पडल्याने रस्ता बंद आहे, खाली थांबलोय.

तुझी मेल वाचली. आत्ता काही विचारू नकोस.

वि.

~

हायडेलबर्ग
२६ जानेवारी

वहिनी,

विचारू नकोस म्हणालात, तरी विचारते. टायर फुटला तर माराकेशला कशासाठी? टायर रिसानीत मिळत नाही का? तुम्ही "दोघंही" लिहिलंत, त्या एका शब्दावर मी काल रात्रभर तग धरला.

उत्कर्षला टायर फुटल्याचं सांगितलं. तो अर्धं मराठी, अर्धं जर्मन बोलून शेवटी म्हणाला, "आत्या, तू आणि आई दोघी काहीतरी लपवताय." आधी दादासाठी लपवलं, आता तुमच्यासाठी लपवतेय. आता मला हे जमत नाही, वहिनी.

मी इथल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्यांनी माराकेशमधल्या एका नेत्रतज्ज्ञांचं नाव दिलंय, सगळे रिपोर्ट मी त्यांना पाठवलेत. पत्ता खाली देतेय. तुम्ही त्यासाठीच जात असाल तर सरळ तिथे जा. त्यासाठी जात नसाल, तरीही जा.

तुमचा माझ्यावर राग असेल. असू दे. पण लिहा.

मालिनी

~

माराकेश
२९ जानेवारी

मालिनी,

तुझ्या पत्त्यावर गेलो. बरं झालं. इंजेक्शन परवा दिलं. डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर काही करता आलं नसतं. आता किती नजर परत येईल ते हळूहळू कळेल. उजव्याचं मधलं गेलं ते गेलं.

आता तुला सगळं सांगते. टायर फुटला नव्हता.

तुझी मेल मला एर्फूदच्या पेट्रोल पंपावर मिळाली. हे खाली उतरून वोनवागनची जोडणी हाताने चाचपत होते. मी गाडीत बसून वाचलं. तू लिहिलं होतंस, आधी किल्ली हातात घ्या. किल्ली गाडीलाच होती, माझ्या हाताच्या अंतरावर. मी घेतली नाही.

का, ते सांगायचा प्रयत्न करते. मला आधी भीती वाटली नाही, लाज वाटली. मी तुला काय काय लिहिलं होतं! बोलका नवरा म्हणे. मालिनी, त्यांना माझ्याशी बोलायचंच नव्हतं. ते माझे डोळे वापरत होते. मी त्या बकऱ्या आणि तो फ्रीजवाला म्हातारा किती हौसेने सांगितला होता. हे गाडीत येऊन बसले, पट्टा लावला आणि नेहमीसारखं म्हणाले, "हं, विभा, पुढे काय आहे?" आणि मी ठरवलं, आता एक शब्द बोलायचा नाही. बघू या, कधी सांगतात.

गाव संपलं. रस्ता सरळ, दोन्हीकडे खडी. "बोर्ड होता का?" गप्प. "विभा, झोपलीस का?" मी म्हटलं, "नाही." "मग सांग ना, पुढे काय आहे?" मी म्हटलं, "तुम्हीच बघा."

त्यांच्या ते लक्षात आलं असणार. तरी गाडी थांबवली नाही, आणि मीही थांबवा म्हटलं नाही. आम्ही दोघं हट्टाने तसेच जात राहिलो. रिसानीच्या अलीकडे खजुराची झाडं सुरू होतात. तिथे रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती, पाठीवर लसूणघासाचा एवढा मोठा भारा, हातात गाढवाची दोरी. मला ती लांबूनच दिसली. मला वाटलं, इतकी मोठी हिरवी गोष्ट, ती तरी दिसेलच यांना. गाडी तिच्या रेषेतून हलेना. मी वाट बघत राहिले. मालिनी, मी वाट बघत राहिले.

मग किंचाळले आणि स्टिअरिंग धरून डावीकडे ओढलं. आरसा भाऱ्यात अडकला, घास काचेवर उडाला. वोनवागन एका बाजूला गेला, मग दुसऱ्या, मग जोडणी तुटल्याचा आवाज आला आणि गाडी आडवी होऊन थांबली. धुळीत काही दिसत नव्हतं. मी दार उघडून पळाले. ती बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. उठून उभी राहिली आणि माझ्यावर जी ओरडायला लागली! मालिनी, एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाढव शांतपणे सांडलेला घास खात होतं. वोनवागन खाली कुशीवर पडला होता, खिडकीतून आपले पातेली-कुकर बाहेर आले होते.

हे गाडीतच बसून होते. मी गेले तर म्हणाले, "मेली का?" म्हटलं, "नाही." "खरं सांग." म्हटलं, "खरं कोण सांगत नाही आपल्यात?" त्यावर ते रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मग म्हणाले, "विभा, सकाळपासून डाव्या डोळ्यापुढे काळा डाग आहे. आज तू बोलली नाहीस, तेव्हा माझ्यापाशी काहीच उरलं नव्हतं."

म्हणजे सकाळीच त्यांना माहीत होतं. आणि पंपावर मलाही माहीत झालं होतं. तरी आम्ही दोघं निघालो. हा अपघात तुझ्या मेलमुळे झाला असं तू मनात आणशील, म्हणून लिहितेय. तू किल्ली घे म्हणाली होतीस.

त्या बाईचं नाव फाडमा. गावातले लोक जमले, पोलीस आले, तिने हातवारे करून त्यांना काय सांगितलं कोण जाणे, त्यांनी नावं लिहून घेतली आणि आम्हाला जाऊ दिलं. वोनवागन तिच्याच अंगणात ओढून ठेवला. मी गाडी घेतली. वोनवागन नसल्यावर गाडी इतकी हलकी वाटली की मला भीतीच वाटली. दवाखाना एर्राशिदियात होता, त्यांनी डोळ्यात बघितलं आणि म्हणाले, माराकेश. लगेच.

खिंडीच्या खाली बर्फामुळे अडसर टाकलेला. ट्रकांची रांग. आम्ही एका चहाच्या दुकानात बसलो, तुला ती चार ओळींची मेल तिथूनच त्यांच्या फोनवरून केली. रस्ता केव्हा उघडेल कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या एकेका तासात ह्यांचा डोळा जात होता. हे मात्र शांत बसले होते. मला ते शांत बसणं सहन झालं नाही. मी विचारलं, "मला वाटलं होतं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंय. तसं नव्हतं ना?"

त्यांनी चहाचा पेला चाचपून खाली ठेवला. मग म्हणाले, "सुरुवातीला नव्हतं. सुरुवातीला मला फक्त रस्ता हवा होता. डावीकडे काय, उजवीकडे काय." म्हटलं, "मग?" म्हणाले, "मग तू नको असलेलंही सांगायला लागलीस. त्या माणसाच्या फ्रीजचं दार उघडं होतं आणि तो ते पायाने बंद करत होता, असं तू सांगितलंस. त्याचा मला काही उपयोग नव्हता. पण मी त्यानंतर रोज सकाळी गाडीत बसायची वाट बघायचो." आणि म्हणाले, "मी हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये. सध्या मला तसं काही बोलायचा हक्क नाही."

मला ते खरं वाटलं. म्हणून राग गेला असं नाही.

अडसर दुसऱ्या दिवशी दुपारी उघडला. लहान गाड्यांना विंटरराइफन, बर्फातले टायर, असतील तरच सोडत होते. आमच्या गाडीला होते, जर्मनीहून जानेवारीत निघालेल्या गाडीला असणारच. पोलिसाने टायर बघितले, मला बघितलं, आणि हात केला. वळणावर वळण, बाजूला बर्फ, खाली दरी. हे एरवी माझ्या मांडीवर असणारा नकाशा घट्ट धरून बसले होते, वाचता येत नसताना.

उत्कर्षला मी आज स्वतः सांगितलं. तो म्हणतो, विमानाने या, वोनवागन सोडा. मी म्हटलं, विचार करते. तू आता काही लपवू नकोस, त्याच्यापासूनही नाही आणि माझ्यापासूनही नाही. माझा तुझ्यावर राग आहेच. पण डॉक्टरचा पत्ता तूच पाठवलास, हेही आहे.

विभावरी

~

हायडेलबर्ग
३० जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही "मी वाट बघत राहिले" लिहिलंय तिथे दर वेळी थांबले. मीही तेच करत होते, इथे बसून, उबदार खोलीत. फरक एवढाच की माझ्यासमोर ती बाई नव्हती.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. पुढचं इंजेक्शन फेब्रुवारीच्या अखेरीस इथे घेतलं तरी चालेल म्हणतात. टेर्मिन तुमच्या नावाने आणि तुमच्या नंबरावर घेतलाय. माझा नंबर मी काढून टाकायला सांगितला. यापुढे त्याच्याविषयी काही कळायचं असेल, तर ते आधी तुम्हाला कळेल.

दादाला सांगा, मी रागावलेय. त्याला ते ऐकायला आवडणार नाही, म्हणून नक्की सांगा.

विमानाने यायचं ठरलं तर फ्रांकफुर्टला मी घ्यायला येईन.

मालू

~

मर्झूगा
८ फेब्रुवारी

प्रिय मालिनी,

विमानाने येत नाही.

माराकेशच्या डॉक्टरांनी तपासून प्रवासाला हरकत नाही म्हटलं. डाव्या डोळ्यातला काळा डाग आता करडा झालाय, कडेने उजेड आहे. गाडी मात्र कायमची बंद. ते वाक्य ह्यांनी डॉक्टरांना माझ्यासमोर पुन्हा म्हणायला लावलं. मग खिशातून फ्युररशाइन, आपलं लायसन्स, काढलं आणि माझ्या पर्समध्ये टाकलं. मी पर्सची चेन लावली. बोलले असते तर मला नीट वागता आलं नसतं.

वोनवागन आणायला रिसानीला यावंच लागणार होतं. रिसानीच्या वेल्डरने जोडणी नवी करून दिली, सांगाडा सरळ केला. खिडकीला फाडमाच्या मुलाने प्लायवूड मारलंय. पण त्याआधी मी ह्यांना म्हटलं, आधी तुम्ही त्या बाईसमोर उभे राहा. मी नाही बोलणार. फाडमाची मुलगी तिथल्या शाळेत शिक्षिका आहे, तिला इंग्रजी येतं. हे अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "मला दिसत नव्हतं. मला माहीत होतं की मला दिसत नाही. तरी मी गाडी चालवत होतो." मुलीने आईला सांगितलं. फाडमाने ह्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग मुलीला काहीतरी म्हणाली. मुलगी भाषांतर करायला कचरत होती. मी म्हटलं, सांग. ती म्हणाली, "आई म्हणते, तिच्या नातवाला रोज त्याच वाटेने शाळेत सोडते. त्या दिवशी तो आजारी होता."

ह्यांनी मान खाली घातली. तिने क्षमा केली नाही आणि शिवीही दिली नाही. चहा मात्र दिला. आम्ही प्यायलो. तो चहा घशाखाली उतरवणं मला खिंडीपेक्षा अवघड गेलं.

वोनवागन मागे लावून मी रिसानीबाहेरच्या मोकळ्या मैदानात दोन दिवस शिकले. पुढे जाणं जमतं. वळण मोठं घ्यायचं, आरशावर विश्वास ठेवायचा. मागे घेणं अजिबात जमत नाही, मी स्टिअरिंग एकीकडे फिरवते आणि वोनवागन भलतीकडे जातो. म्हणून ठरवलंय, वळायला जागा असेल अशाच ठिकाणी थांबायचं. युरोपातून घरापर्यंत अशा जागा शोधत येऊ. उत्कर्ष स्पेनमध्ये येऊन भेटेल म्हणतोय. त्याच्या लेकीने, अन्वीने, त्याच्या फोनवर जर्मनमध्ये मला विचारलं, "ओमा, तू ट्रक चालवतेस का?" मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर.

काल दुपारी मर्झूगाला पोचलो. मी ह्यांना म्हटलं होतं, इथे यायचं नाही, सरळ घरी. सकाळी मीच गाडी इकडे वळवली. इतकं करून इथवर आलेला माणूस एका टेकडीवाचून परत जायला नको. मला दया आली म्हण, नाहीतर मलाही बघायचं होतं म्हण.

टेकड्या खरंच तशा आहेत, जशा त्यांनी तुला लिहिल्या होत्या; ती मेल त्यांनी मला वाचायला दिली. एकही सरळ रेघ नाही. आम्ही पहिल्या टेकडीवर चढलो, मी पुढे, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून. वर जाऊन बसलो. वारा होता. त्यांनी विचारलं, "विभा, कसं आहे?"

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही सांगा. खरं."

त्यांनी मान जरा कडेला वळवली. मग एकेक शब्द शोधत म्हणाले, "मधे धूर आहे. धुराच्या बाजूने पिवळं आहे, वरती निळं आहे. पिवळ्याची कड हलतेय. वाऱ्याने हलतेय की माझ्या डोळ्याने, ते कळत नाही." मग म्हणाले, "मला भीती वाटतेय, विभा. नोव्हेंबरपासून वाटतेय." ते पुढे म्हणाले, "तू समोर बसलीयस ना, तिथे मला तू दिसत नाहीस. जरा कडेला असलीस तर दिसतेस."

राग अजून आहे, मालिनी. घरी येईपर्यंत पुरेल इतका आहे. पण मी उठले, वाळूतून पाय ओढत गेले आणि त्यांच्या बाजूला बसले, जिथून मी त्यांना दिसेन.

तुझी,
विभावरीवहिनी